रुमालातून फोल्डरात

माणसाने घर बदलावे, गाव बदलावे, जमल्यास नोकरीही बदलावी. पण शक्य तोवर कॉम्प्युटर बदलू नये. घर बदलताना निदान सामान डोळ्यांना दिसते. कपाट जिन्यात अडकले तर अडकलेले दिसते, हमाल एकमेकांवर ओरडतात ते ऐकू येते, आणि लोणच्याची बरणी फुटली असेल तर तिचा वासच आधी येऊन वर्दी देतो. कॉम्प्युटरचे सामान हलते तेव्हा पडद्यावर नुसती एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते. खाली '३ मिनिटे शिल्लक' असे येते, मग '२ तास शिल्लक', आणि लगेच '१ मिनिट'. कचेरीतल्या 'साहेब आत्ता येतील'वर आपण जितका विश्वास ठेवतो, तितकाच यावर ठेवावा. शेवटी पट्टी पूर्ण होते आणि नाहीशी होते. काय फुटले, काय सांडले, काय जुन्या घरीच राहिले, याचा वास काही येत नाही. तो चार महिन्यांनी येतो.

मी बँकेत कारकून आहे आणि बी. कॉम. झालेला आहे. तेव्हा इतिहासावर लिहिण्याचा याला काय अधिकार, असे तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. पण मराठ्यांचा इतिहास लढला कोणी हे सर्वांना ठाऊक असले, तरी तो टिपून कोणी ठेवला हेही एकदा बघा. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, दप्तरदार, कुलकर्णी! ही नुसती आडनावे नव्हेत. हा स्टाफ आहे. तलवारी गाजवणारे गाजवून गेले. कोणत्या मोहिमेत घोड्यांच्या चंदीला किती रुपये लागले, हे लिहिणारा कारकून मात्र रुमालात शिल्लक राहिला.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. आज आपण ज्याला फोल्डर म्हणतो, त्याला पेशवाईत रुमाल म्हणत. कागद एकावर एक रचायचे, चौकोनी फडक्यात गुंडाळायचे आणि गाठ मारायची. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, अक्षरही झोकदार; फक्त ते मोडीत आहे. मोडी ही कारकुनाच्या सोयीची लिपी. लेखणी न उचलता ओळच्या ओळ पळवायची. पुढे शाळांतून मोडी गेली, आणि आजोबांच्या हातचा कागद नातवाला चिनी वाटू लागला. फाइल आहे, पण उघडत नाही, असा प्रकार. रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या सुमारास या दप्तरातले निवडक कागद बाळबोधीत छापायला घेतले आणि चार-पाच वर्षांत त्यांचे ४५ खंड काढले. एका जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात एवढा माल हलवणारा माणूस आमच्या बँकेत असता, तर त्याची बदली केव्हाच हेड ऑफिसला झाली असती.

पण पुणे राहू द्या. माझे गाव कन्हेरी, तालुका बारामती. मुंबईजवळची लेणी वेगळी आणि आम्ही वेगळे. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ आमच्या मारुतीपुढे फुटतो, त्यामुळे दर निवडणुकीला गावाचे नाव पेपरात येते. एरवी आम्ही उसात असतो. तर सांगायचा मुद्दा असा, की दप्तर जुन्यातून नव्यात नेण्याचे तीन मोठे प्रयोग आमच्या या बारामती-इंदापूर पट्ट्यात झाले. पैकी पहिला तर साऱ्या मुंबई इलाख्यासाठी इथेच करून पाहिला.

पेशवाई गेली आणि इंग्रज साहेबाला जमिनीचा सारा ठरवायचा होता. हिशेब बिघ्यांत आणि चाहुरांत. एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशी जुळेल तर शपथ! प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली आणि रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांतावर आकार बसवला. हा रिकार्डो आम्हाला बी. कॉम.ला आठ मार्कांना होता. प्रिंगलने तो इंदापूरच्या शेतकऱ्याला पंचावन्न टक्क्यांना घातला. खर्च वजा जाता जे उरते त्याचे शेकडा पंचावन्न सरकारचे. कागदावर गणित चोख होते. १८३० च्या सुमारास ते अंमलात आले, आणि लोक जमिनी टाकून गावेच सोडून जाऊ लागले. नव्या यंत्रात आकडे बरोबर उतरले, पण ज्यांचे आकडे ते निघून गेले.

मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट इंदापुरात येऊन बसले. त्यांनी सिद्धांत गुंडाळून ठेवला, जमिनीची प्रत पाहिली, आणि शेतकऱ्याला झेपेल असा सारा १८३६ पासून तीस वर्षांसाठी बांधून दिला. ३३ फुटांची साखळी, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर. हीच पद्धत पुढे इलाखाभर गेली. आज सातबाऱ्यावर जो गट किंवा सर्व्हे नंबर आपण बोट ठेवून शोधतो, त्याचे मूळ इंदापूरच्या त्या तंबूत आहे. काम उत्तम झाले. लोक परत आले, पडीक जमिनी नांगराखाली आल्या.

फक्त एक गोष्ट साखळीला मोजता आली नाही. शेतांना नावे होती. नंबर आला आणि नावाला रकाना उरला नाही. नावे लोकांच्या तोंडात राहिली, आणि तोंड ही काही कायमस्वरूपी साठवणुकीची जागा नव्हे.

दुसरा प्रयोग आमच्या तालुक्यातल्या सुप्याला झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला भाव ती संपताच ओसरला होता. तीस वर्षांची मुदत सरून १८६७ पासून इंदापूरकडे सारा वाढला होता. आणि शेतकरी सावकाराच्या वहीत गळ्यापर्यंत बुडाला होता. ती वही त्याला वाचता येत नव्हती. काय लिहिले, कधी लिहिले, फेडले ते वजा केले की नाही, सगळे एकाच पक्षाला ठाऊक. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात लोक जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या अन् कर्जरोखे बाहेर काढून पेटवले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे प्रसिद्ध आहेत, ते असे सुरू झाले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे निमूट हाती दिले तिथे बहुधा अंगाला हात लागला नाही.

फाइल खोडून टाकण्याचा हा प्रकार मी कारकून म्हणून मंजूर करू शकत नाही. घाव सावकाराच्या घरावरही पडला आणि त्याच्या पोटावरही. पण ज्या दप्तरात आपले सर्वस्व लिहिले आहे आणि ते आपल्यालाच वाचता येत नाही, त्याच्याकडे माणूस किती काळ हात जोडून बघत बसेल? सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात काय होते बघा. रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर नोंदवायचा, पैसे फेडले की पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, आणि शेतकऱ्याने मागितले तर त्याला पासबुक द्यायचे. पासबुक! रोज दुपारी साडेतीनला माझ्या खिडकीवर 'सायेब, एवढं भरून द्या' म्हणून जे पुढे येते, तेच हे. पासबुक म्हणजे दप्तराची दुसरी प्रत खातेदाराच्या खिशात. तेव्हापासून मी कोणाच्या पासबुकावर कपाळाला आठी घालत नाही. म्हणजे फारशी घालत नाही.

तिसरा प्रयोग आमच्याच टेबलावर झाला. बँकांत यंत्रे आणण्याबद्दल १९८३ साली संघटनांशी करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. मी चिकटलो तो त्यानंतर वीसेक वर्षांनी. तोवर शाखेत कॉम्प्युटर होते, पण प्रत्येक शाखेचा संसार वेगळा. जुनी लेजरे मागच्या खोलीत होती. एकेक इतके वजनदार की ते उचलणाऱ्या शिपायाला व्यायामशाळेची गरज नव्हती. मग फर्मान आले, की सगळ्या शाखा एका यंत्रणेत घालायच्या. कोअर बँकिंग! शुक्रवारी संध्याकाळी जुने बंद आणि सोमवारी सकाळी नवे सुरू.

त्या शनिवार-रविवारी आम्ही शाखेतच मुक्काम ठोकला. कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, वडापाव मागवले. तीन आकडी खाते नंबरचे लांबलचक नंबर झाले. ज्यांची जन्मतारीख कुठेच लिहिलेली नव्हती, त्यांना यंत्राने १ जानेवारी १९०० ही तारीख आपल्या मनाने बहाल केली, आणि एका रात्रीत आमची शाखा शंभरी ओलांडलेल्या खातेदारांच्या बाबतीत बहुधा जगात पहिली आली. रविवारी रात्री बेरीज लागली. पैशापैशाने लागली. मॅनेजरसाहेबांनी आनंदाने दुसरा नारळ मागवला.

तेवढ्यात आमचे एक निवृत्त हेडक्लार्क, त्यांना सगळे नाना म्हणत, कोपऱ्यातून म्हणाले, "बेरीज लागली, पण पेन्सिल कुठं हाय?"

कोणाला काही कळेना. नानांनी एक जुने लेजर उघडले. समासात बारीक पेन्सिलीने लिहिले होते : 'उजव्या अंगठ्यास इजा, डावा घ्यावा.' दुसऱ्या पानावर : 'मुलगा आल्यास पैसे देऊ नयेत, आजीस समक्ष विचारावे.' तिसऱ्यावर : 'एकाच नावाचे दोघे. हे उंच.' वीस-पंचवीस वर्षांचे शहाणपण समासात होते, आणि नव्या यंत्राला समासच नव्हता.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "नाना, आता सही स्कॅन होते, फोटो दिसतो. याची गरज काय?"

नाना म्हणाले, "फोटोत पोरगा आजीला दमदाटी करतोय का न्हाई ते दिसतं का?"

त्यानंतर महिनाभर रोज सहा ते आठ नाना लेजरातली पेन्सिल वाचत आणि मी ती शेऱ्याच्या रकान्यात भरत असे. रकाना तीस अक्षरांचा. 'मुलगा आल्यास पैसे देऊ नयेत' हे तीस रोमन अक्षरांत बसवून बघा, म्हणजे मोडी लिहिणाऱ्याला काय सुचत असेल ते कळेल. पण पुढच्याच दिवाळीआधी तो मुलगा खरोखरच आला, पैसे काढण्याचा कागद आईच्या अंगठ्यासकट घेऊन आला, आणि पडद्यावर आमचा शेरा उमटला. आजींना रिक्षा पाठवून आणले. त्या येऊन एवढेच म्हणाल्या, "म्या न्हाई दिला." गवरीच्या, दुधाच्या, तीस वर्षांच्या पैशांचा प्रश्न होता. बेरजेने तो सुटला नसता, पेन्सिलीने सुटला.

हे तीन प्रयोग सार्वजनिक झाले. चौथा आमच्या घरातला आहे.

आमचे तात्या, म्हणजे वडील, प्राथमिक शिक्षक. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात. तात्या शेतांच्या नावांना लागले. विंगेटसाहेबाच्या साखळीतून जे निसटले ते गोळा करायचे, असा त्यांचा पण. सायकलवरून कन्हेरीचे बांधन्‌बांध हिंडले, म्हाताऱ्या माणसांशी बोलले. चिंचेचं, वाकडं, लवणातलं, सासूचं, भुताचं, मोडक्या मोटेचं. नाव का पडले, कोणी पाडले, विहीर कोणी खांदली, बांधावरून भांडण कोणाचे झाले, सगळे २००९ साली घेतलेल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप केले. दोनशे पाने झाली. मग तात्या गेले. ज्यांच्याशी ते बोलले होते, तेही एकेक करून गेले.

यंदा त्या कॉम्प्युटरने मान टाकायला सुरुवात केली, म्हणून नवा आणला. बसवायला आलेला मुलगा एकवीस वर्षांचा, भारी उत्साही. "काका, टेन्शन नाय घ्यायचं, अर्ध्या तासात सगळं इकडचं तिकडं." खरोखरच फोटो आले, गाणी आली, माझी कविता नावाची फाइलसुद्धा (बायकोच्या मते ती न आणण्याची चांगली संधी होती) आली. तात्यांची फाइलही आली. उघडली तर दोनशे पाने इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस आणि डॉलरची चिन्हे! आमच्या वडिलांनी सासूच्या शेताबद्दल डॉलरमध्ये काही लिहिले असेल असे वाटेना.

भानगड अशी. त्या काळी मराठी टाइप करण्याचे बहुतेक प्रोग्राम आतून मराठी नव्हतेच. कॉम्प्युटर आपला इंग्रजीच अक्षर साठवी, आणि त्यावर मराठी फॉन्टचा मुखवटा चढवी. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाली, १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी प्रमाण संकेत ठरला, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी गेली. पण गल्लीबोळांतल्या टायपिंगवाल्यांपर्यंत ते पोचायला पुष्कळ वर्षे लागली. तात्यांच्या फाइलला तिचा मुखवटा हवा होता. तो ज्या सीडीवर होता ती घालायला नव्या कॉम्प्युटरला फटच नाही. प्रोग्रामला मागे एक कुलूप लावावे लागे, त्या कुलपाला बसेल अशी जागा नाही. आणि एवढे करून नवी विंडोज त्या प्रोग्रामला दारातच विचारणार, 'आपण कोण?'

म्हणजे एका पिढीत मोडी झाली म्हणायची! आणि हे आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने जमिनीची पाहणी करून डूम्सडे नावाचे दप्तर केले, चामड्याच्या पानांवर. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने लाखो लोकांकडून माहिती गोळा करून नवे डूम्सडे केले, लेसर तबकड्यांवर. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारे यंत्र मिळेनासे झाले, आणि त्या सोडवायला संशोधकांना कंबर कसावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचे दप्तर मात्र वाचता येणारा अजूनही वाचतो. विल्यमच्या कारकुनाचे मला फार कौतुक वाटले.

आमची फाइल शेवटी त्या एकवीस वर्षांच्या मुलानेच सोडवली. जुना मुखवटा काढून युनिकोड चढवणारा एक प्रोग्राम त्याने शोधून आणला. पाने मराठीत आली. पण घर बदलताना कपांचे कान तुटावेत, तशी. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन बसल्या, रफार भलतीकडे उडाले. 'सर्व्हे'चा 'सव्र्हे' झाला. विंगेटसाहेबाने पाहिला असता तर पुन्हा मोजणी लावली असती. कन्हेरीतला अर्धा न कुठे गेला कळेना, गावाचे 'कहेरी' झाले.

मग आई बसली. वय अठ्ठ्याहत्तर. कॉम्प्युटरला हात लावत नाही, पण गावातल्या प्रत्येक शेतात कधी ना कधी खुरपायला नाहीतर भाकरी घेऊन गेलेली. संध्याकाळी मी वाचायचे आणि तिने ऐकायचे.

"मोडक्या मोठीचं," मी वाचले.

"मोठी कुठली? मोटंचं! मोट मोडली व्हती तिथं, तुझ्या आज्याची."

'भुताचं' बरोबर आले होते. तिथे आई हसली. "भूत न्हवतं काय. रातीची पाण्याची पाळी आसायची, कालव्याचं. कुणी दुसऱ्यानं दारं मोडू नये म्हणून तुझ्या चुलतआज्यानं भूत उठवलं." ही हकिकत तात्यांच्या दोनशे पानांत नव्हती. आता आहे.

पाने वाचून व्हायला सव्वादोन महिने लागले. हिरवी पट्टी चार सेकंदांत संपली होती.

सरकारनेही पुढे हेच केले, याची मला नवलाई वाटते. हाती लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर गेले, आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पण त्याआधी, २०१७ साली, गावोगाव चावडीवाचन झाले. कॉम्प्युटरवरचा सातबारा चावडीवर मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी ऐकायचा. 'आवं, ते नाव चुकलं', 'ती आणेवारी माज्या भावाची', 'विहीर ऱ्हायली' असे कोणीतरी उठून म्हणणार. एवढी मोठी यंत्रणा, एवढे सर्व्हर, आणि शेवटची तपासणी पारावरच्या म्हाताऱ्याची! मला वाटते, दप्तर हलवण्याच्या शास्त्रातला हा सर्वांत मोठा शोध आहे आणि तो चावडीइतकाच जुना आहे.

आकडे हलवणे सोपे. ते स्वतःची साक्ष स्वतः देतात, बेरीज लागली की सुटलो. नावे, शेरे, समासातली पेन्सिल, यांना साक्षीला माणूस लागतो. प्रिंगलला तो सापडला नाही, विंगेटला अर्धा सापडला, सुप्याच्या शेतकऱ्याला कोणी वाचूनच दाखवले नाही. तेव्हा तुम्ही कॉम्प्युटर बदलणार असाल तर जरूर बदला, तो बदलावाच लागतो. फक्त जुना भंगारात देण्याआधी नव्यातले एकदा मोठ्याने वाचा, आणि शेजारी कोणीतरी म्हातारे माणूस बसवा. ते जिवंत आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे; त्याची दुसरी प्रत निघत नाही.

आमच्या आईने आता शेजारच्या काटेवाडीतली शेते सांगायला सुरुवात केली आहे. तिचे माहेर तिकडचे.